खात्यांचे स्थलांतर : सात रकान्यांच्या एका ओळीचा इतिहास

एखादे विद्यापीठ, ग्रंथालय किंवा संशोधन संस्था आपला जुना सर्व्हर बदलते तेव्हा सूचनाफलकावर दोन ओळी लागतात : ‘सर्व खाती नव्या सर्व्हरवर हलवण्यात आली आहेत. आपला पासवर्ड पूर्वीचाच राहील.’ आपण त्या ओळी वाचतो, नव्या यंत्रावर जुनाच परवलीचा शब्द टंकून पाहतो, दार उघडते आणि सूचना विसरून जातो. पण त्या दोन ओळींत दोन प्रश्न दडलेले आहेत. पासवर्ड आपल्याशिवाय कोणालाही ठाऊक नसतो, असे आपल्याला सांगण्यात येते. मग व्यवस्थापकाला जो शब्द ठाऊकच नाही, तो त्याने एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेला कसा? आणि ‘सर्व खाती’ म्हणजे नेमकी कोणाची? जे निवृत्त झाले, जे संस्था सोडून गेले, जे हयात नाहीत, त्यांचे काय?

हस्तलिखितांच्या परंपरेशी परिचय असलेल्या वाचकाला हे प्रश्न अगदीच परके वाटू नयेत. पोथी जीर्ण झाली की तिची नक्कल केली जाते; नक्कल करणाऱ्याला सगळे समजतेच असे नाही; काही गोष्टी तो अर्थ न कळताही निष्ठेने उतरवतो, काही गाळतो आणि जिची नक्कल होत नाही ती पोथी कालांतराने नाहीशी होते. सर्व्हरवरील खात्यांचे स्थलांतर हीसुद्धा अशीच एक नक्कल आहे. तिचा इतिहास साठ वर्षांहून थोडा अधिक आहे. त्यातील बराचसा भाग मजकुराच्या एका ओळीत वाचता येतो. ती ओळ कशी घडली आणि स्थलांतराच्या वेळी तिच्यातील काय टिकते, हे प्रस्तुत लेखात पाहायचे आहे.

खाते वेळेचे होते

‘खाते’ हा शब्द मराठीने संगणकासाठी नव्याने घडवलेला नाही. तो वाण्याच्या वहीतून आणि बँकेतून आला. इंग्रजीतील मूळ शब्दही हिशेबाचाच आहे, आणि याला कारण आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये ‘कंपॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टिम’ या प्रणालीचे पहिले प्रात्यक्षिक दाखवले. तोवर एक महागडा संगणक एका वेळी एकाचेच काम करी. या प्रणालीत अनेक माणसे निरनिराळ्या टंकयंत्रांवर बसून एकाच यंत्राचा वेळ वाटून घेऊ लागली. वेळ वाटायचा म्हणजे तो कोणी किती वापरला याचा हिशेब आला. हिशेब आला म्हणजे खाते आले. आणि एकाच्या खात्यावर दुसऱ्याने वेळ खर्च करू नये, एकाच्या फाइली दुसऱ्याने उघडू नयेत, म्हणून परवलीचा शब्द आला. संगणकाच्या लेखी ‘वापरकर्ता’ हा प्रथम वेळेचा खातेदार होता.

या रचनेला पहिले खिंडार पडले तेही वेळेसाठीच. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मंजूर होते आणि त्याच्या कामाला ते पुरत नव्हते. १९६२ साली त्याने एक छिद्रित पत्र यंत्रात सरकवून पासवर्डांची संपूर्ण फाइल छापून मिळवली. आपल्या या उद्योगाची कबुली त्याने बऱ्याच वर्षांनी स्वतःच दिली. दुसरा प्रसंग १९६६ च्या सुमाराचा. एक व्यवस्थापक पासवर्डांची फाइल दुरुस्त करीत होता आणि त्याच वेळी दुसरा त्या दिवशीची सूचना लिहीत होता. संपादनाच्या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली, आणि त्यानंतर जो कोणी आत येई त्याच्या टंकयंत्रावर सूचनेऐवजी सगळ्यांचे परवलीचे शब्द छापले जाऊ लागले.

दोन्ही प्रसंगांतून निघणारा धडा एकच होता. गुपिते एका ठिकाणी जशीच्या तशी लिहून ठेवली, की ती उघडी पडण्यासाठी शत्रूची गरज नसते. एक गरजू विद्यार्थी किंवा एक निष्पाप चूक पुरते. मात्र हा धडा रचनेत उतरायला पुढची दहा-बारा वर्षे जावी लागली.

सात रकाने

बेल लॅबोरेटरीजमध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून घडवलेल्या युनिक्स या प्रणालीत खातेदारांची यादी एका साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवली गेली. पासवर्ड या शब्दाच्या स्पेलिंगमधील दोन अक्षरे गाळून त्या फाइलीचे नाव तयार झाले आणि आजही ते बदललेले नाही. त्या फाइलीत प्रत्येक खातेदाराला एक ओळ. ओळीत विसर्गासारख्या दोन टिंबांनी वेगळे केलेले सात रकाने : वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड, वापरकर्त्याचा क्रमांक, गटाचा क्रमांक, व्यक्तीविषयीची माहिती, तिच्या घराचा म्हणजे तिच्या फाइलींच्या मूळ ठिकाणाचा पत्ता, आणि आत आल्यावर कोणता कार्यक्रम सुरू करायचा त्याचे नाव. आजच्या लिनक्स सर्व्हरवरही ही ओळ याच क्रमाने आढळते.

यातील पाचवा रकाना पाठचिकित्सकाच्या दृष्टीने मोठा मौजेचा आहे. त्याला ‘जीकॉस’ म्हणतात. हे नाव जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या एका प्रणालीचे. बेल लॅबमध्ये त्या प्रणालीवर चालणारा मोठा संगणक होता. युनिक्सवर काम करणारी मंडळी छपाईची आणि इतर काही कामे त्याच्याकडे पाठवीत आणि त्यासाठी लागणारी ओळखीची माहिती या रकान्यात ठेवीत. ही सोय देखणी नव्हती, असे रिची यांनीही पुढे म्हटले. जनरल इलेक्ट्रिकने आपला संगणकांचा व्यवसाय १९७० साली हनीवेलला विकला, बेल लॅबमधील ते यंत्रही काळाच्या ओघात गेले. रकाना मात्र राहिला. आज त्यात माणसाचे पूर्ण नाव लिहितात. ज्या यंत्राशी बोलण्यासाठी तो निर्माण झाला ते यंत्र पाहिलेले कोणी आसपास नसतानाही, प्रत्येक स्थलांतरात त्याचे नाव निष्ठेने उतरवले जाते. अर्थ हरवलेला पाठ परंपरेत टिकून राहतो, तो असा.

जे ठाऊक नाही ते कसे न्यावे?

युनिक्सच्या आरंभीच्या काळात दुसऱ्या रकान्यात खरोखरचा पासवर्डच लिहिलेला असे. पुढे तो गुप्तलिपीत टाकण्याचा प्रयत्न झाला. त्यासाठी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने वापरलेल्या एम-२०९ या यंत्राची नक्कल करणारा कार्यक्रम वापरला गेला. पण तो फार जलद चालत असे. जे जलद चालते ते चोरालाही लाखो वेळा चालवून पाहता येते. नोव्हेंबर १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनी पासवर्डच्या सुरक्षिततेचा इतिहास सांगणारा एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात आधीच्या चुका त्यांनी प्रांजळपणे मांडल्या आणि नवी रीतही सांगितली.

ही रीत समजण्यासाठी आपल्या घरातील जात्याचा दाखला पुरेसा आहे. दाण्यांचे पीठ होते. पिठाचे दाणे होत नाहीत. परवलीचा शब्द एका ठरावीक गणिती क्रियेतून दळून काढायचा आणि फाइलीत ते पीठच ठेवायचे. माणूस पुन्हा दाराशी आला आणि त्याने शब्द सांगितला, की तो शब्द त्याच जात्यातून काढायचा आणि दोन्ही पिठे जुळतात का ते पाहायचे. शब्द साठवण्याची गरजच उरत नाही. या पिठाला ‘हॅश’ म्हणतात. दोन माणसांनी योगायोगाने एकच शब्द निवडला तर पीठही एकच दिसेल, म्हणून दळताना त्यात प्रत्येकासाठी चिमूटभर वेगळा मजकूर मिसळायचा. या मिश्रणाला त्या निबंधात खरोखरच ‘मीठ’ या अर्थाचा शब्द वापरला आहे. हे मीठ ४,०९६ प्रकारचे असू शकत होते. क्रिया मुद्दाम सावकाश व्हावी म्हणून दळण पंचवीस वेळा होई. हाती येणारा मजकूर तेरा चिन्हांचा. त्यातील पहिली दोन चिन्हे मिठाची.

त्याच निबंधात माणसाच्या स्वभावाविषयीचे काही आकडे आहेत. लेखकद्वयाने ३,२८९ पासवर्ड गोळा करून तपासले. त्यातील १५ केवळ एका चिन्हाचे होते, ७२ दोन चिन्हांचे, ४६४ तीन चिन्हांचे. ४९२ शब्द कोशांत किंवा नावांच्या याद्यांत सापडले. एकूण ८६ टक्के पासवर्ड सहज शोधता येण्याजोगे निघाले. रीत कितीही चांगली असो, दाणाच ओळखीचा असेल तर पीठ पाहून त्याचा अंदाज बांधता येतो.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. स्थलांतर करणारा व्यवस्थापक पासवर्ड नेतच नाही. तो तेरा चिन्हांचा ठसा उचलतो आणि नव्या फाइलीत ठेवतो. दोन्ही यंत्रांवरचे जाते एकाच बनावटीचे असेल तर तोच शब्द तोच ठसा उमटवील आणि दार उघडेल. मधल्या माणसाला काही कळण्याचे कारण नाही. एखाद्या लेखनिकाने न कळणाऱ्या लिपीतील मजकूर चिन्हागणिक उतरवावा आणि तो मूळ वाचकाला बरोबर वाचता यावा, तसे हे आहे. जी व्यवस्था आपल्या खातेदाराचे गुपित जाणत नाही, तीच ते सुखरूप नेऊ शकते. जिथे व्यवस्थापक ‘तुमचा जुना पासवर्ड कळवा, म्हणजे हलवतो’ असे म्हणतो, तिथे काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

ठसाही जुना होतो

पण ठसा म्हणजे अभेद्य कवच नव्हे. १९७९ च्या रचनेत ती सात रकान्यांची फाइल सर्वांना वाचता येत असे, कारण क्रमांकावरून नाव शोधण्यासाठी अनेक कार्यक्रमांना ती लागे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट टॅपन मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्याने इंटरनेटवर एक स्वतःहून पसरणारा कार्यक्रम सोडला. हा कार्यक्रम ज्या यंत्रात शिरे तिथल्या खातेदारांची फाइल वाचून पासवर्डांचे अंदाज बांधी : आधी खातेदाराचेच नाव, मग ते उलटे, मग स्वतःजवळची ४३२ शब्दांची यादी. हा विद्यार्थी १९७९ च्या निबंधाचे एक लेखक रॉबर्ट मॉरिस यांचा मुलगा होता. वडिलांनी जो दोष आकड्यांनिशी दाखवला होता, तो नऊ वर्षांनीही तसाच होता, हे मुलाच्या उद्योगाने सर्वांना कळले. त्याच सुमारास ठसे वेगळ्या, फक्त व्यवस्थापकाला वाचता येणाऱ्या ‘छाया’ फाइलीत हलवण्याची पद्धत रूढ होऊ लागली. मूळ ओळीतील दुसऱ्या रकान्यात आता केवळ फुलीसारखे एक अक्षर उरले. तोही रकाना काढून टाकला गेला नाही. रिकामा होऊन जागेवरच राहिला.

जातीही बदलत गेली. १९९४ साली पॉल-हेनिंग काम्प यांनी फ्रीबीएसडीसाठी एमडी५ वर आधारलेली रीत आणली आणि २०१२ मध्ये ती यापुढे सुरक्षित मानू नये असे स्वतःच जाहीर केले. १९९९ मध्ये नील्स प्रोव्हॉस आणि डेव्हिड मॅझिएर्स यांनी ‘बीक्रिप्ट’ मांडली. दळणाची संख्या काळाप्रमाणे वाढवता यावी ही तिची विशेषता. कोणता ठसा कोणत्या जात्याचा हे कळावे म्हणून त्याच्या आरंभी डॉलरच्या दोन खुणांमध्ये एक आकडा किंवा अक्षर लिहिण्याचा प्रघात पडला. त्यामुळे दोन-तीनदा स्थलांतर झालेल्या सर्व्हरवरची छाया फाइल उघडली, तर एकाच पोथीत निरनिराळ्या हातांची वळणे दिसावीत तसे निरनिराळ्या दशकांचे ठसे एकाखाली एक दिसतात.

जुना ठसा नव्या रीतीत बदलायचा कसा? पिठाचे दाणे होत नसल्यामुळे व्यवस्थापकाला ते एकट्याने करता येत नाही. खातेदार स्वतः दाराशी येऊन शब्द सांगतो त्या क्षणीच तो शब्द क्षणभर उपलब्ध असतो. तेव्हा जुन्या जात्यावर खातरजमा करायची आणि लगेच नव्या जात्यावर दळून नवा ठसा ठेवायचा. जो येतो त्याचे खाते नवे होते. जो कधीच येत नाही त्याचा ठसा जुन्याच काळात राहतो.

न येणाऱ्यांच्या या ठशांचे पुढे काय होते, याचे उदाहरण २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये दिसले. युनिक्सच्या बर्कली शाखेच्या जतन केलेल्या जुन्या प्रतींमध्ये त्या काळची खातेदारांची फाइलही ठशांसह राहून गेली होती. अभ्यासकांनी त्यातील बहुतेक ठशांमागचे शब्द आधीच शोधले होते. केन टॉम्प्सन यांचा शब्द मात्र दाद देत नव्हता. अखेर एका अभ्यासकाने चित्रांकनासाठीच्या आधुनिक यंत्रभागावर चार दिवसांहून थोडा अधिक काळ गणित चालवून तो उकलला. तो होता ‘पी/क्यू२-क्यू४!’, म्हणजे वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे सारणारी बुद्धिबळातील एक सुरुवातीची चाल. टॉम्प्सन यांनी अभिनंदन केले आणि प्रकरण हसण्यावारी गेले. पण प्रत्येक खातेदार टॉम्प्सन नसतो. अनेक माणसे एकच शब्द वर्षानुवर्षे अनेक दारांना लावतात. चाळीस वर्षांपूर्वीचा निरुपद्रवी वाटणारा ठसा अशा माणसाचे आजचे दार उघडून देऊ शकतो.

क्रमांक आणि नाव

पासवर्ड हा त्या ओळीतील सर्वांत चर्चिलेला रकाना असला, तरी स्थलांतरात खरा घात बहुधा तिसऱ्या रकान्याने होतो. युनिक्स फाइलीच्या मालकाचे नाव फाइलीजवळ लिहीत नाही. तो फक्त क्रमांक लिहितो. पडद्यावर जे नाव दिसते ते त्या क्षणी यादीत शोधून दाखवलेले असते. यंत्राच्या लेखी माणूस म्हणजे क्रमांक, आणि नाव ही माणसांच्या सोयीसाठी लावलेली पाटी.

समजा, जुन्या सर्व्हरवर ५०१ हा क्रमांक एका ज्येष्ठ प्राध्यापकांचा आहे. नव्या सर्व्हरवर खाती वर्णानुक्रमाने तयार केली आणि ५०१ हा क्रमांक एका नव्या विद्यार्थ्याला मिळाला. फाइली जुन्या क्रमांकासह आल्या, तर प्राध्यापकांची वीस वर्षांची टिपणे, पत्रे आणि अपुरे लेख विद्यार्थ्याच्या मालकीचे झाले. कोणी चोरी केली नाही, कोणी पासवर्ड फोडला नाही. फक्त एक आकडा दुसऱ्याच्या नावासमोर लिहिला गेला. बांधणीचा जुना कार्यक्रम ‘टार’ हा नाव आणि क्रमांक दोन्ही गाठोड्यात ठेवतो. व्यवस्थापकाने गाठोडे सोडताना नव्या यंत्रावर ते नाव सापडले तर नावाला मान देतो, नाही तर क्रमांकाला. अर्थात एकच नाव दोन यंत्रांवर दोन निरनिराळ्या माणसांचे असेल, तर नावावर ठेवलेला हा विश्वासही फसवतो.

क्रमांकांच्या मर्यादाही काळाप्रमाणे सरकल्या. आरंभीच्या युनिक्समध्ये वापरकर्त्याचा क्रमांक एका बाइटमध्ये मावणारा, म्हणजे जास्तीत जास्त २५५ असे. रेड हॅटच्या लिनक्समध्ये सामान्य खातेदारांची सुरुवात बराच काळ ५०० पासून होई; २०१४ च्या सातव्या आवृत्तीपासून ती १००० वर गेली आणि त्याखालचे आकडे यंत्राच्या अंतर्गत सेवांसाठी राखीव झाले. जुन्या यंत्रावर ५०० ते ९९९ या आकड्यांत वर्षानुवर्षे सुखाने नांदलेली खाती नव्या यंत्रावर अचानक दुसऱ्याच्या हद्दीत आली. गाव तेच, हद्दीचा दगड सरकला.

आणि खाते हलवलेच नाही पण फाइली तेवढ्या आल्या, तर? मग मालकाच्या जागी नुसता आकडा दिसतो. लिहिणाऱ्याचे नाव गेले, लेखन उरले. वाङ्मयेतिहासात अज्ञातकर्तृक ग्रंथ कसे निर्माण होतात याचे हे लहानसे उदाहरण म्हणता येईल. पुढे कधी तो आकडा नव्या माणसाला दिला गेला, तर अज्ञातकर्तृक ग्रंथाला चुकीचा कर्ताही लाभतो.

आठ रोमन अक्षरे

पहिल्या रकान्यातील नावाविषयीही मराठी वाचकाला काही सांगण्यासारखे आहे. जुन्या युनिक्समध्ये वापरकर्त्याचे नाव आठ रोमन अक्षरांपलीकडे जात नसे, आणि १९७९ च्या रीतीत पासवर्डचीही पहिली आठच चिन्हे विचारात घेतली जात. पुढचे काहीही चाले. कुलकर्णी हे आडनाव रोमन लिपीत नेमके आठ अक्षरांत बसते. देशपांड्यांचे नऊ होतात. तेव्हा देशपांडे यांच्या शेवटच्या मात्रेला प्रवेश नाही, आणि एका कार्यालयात दोन कुलकर्णी आले की दुसऱ्यापुढे आकडा जोडायचा तर आधी एखादे अक्षर खर्ची घालायचे. मर्यादा पुढे सैल झाली, पण एकदा पडलेली नावे सहसा बदलली जात नाहीत. स्थलांतरात ती तशीच उतरतात. लेखकाने नव्हे तर यंत्राने ठेवलेले हे टोपणनाव माणूस निवृत्तीपर्यंत वागवतो.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. त्या काळचे पत्ते ज्यांनी वापरले त्यांना त्यांची घडण आठवत असेल. प्रथम वापरकर्त्याचे नाव. त्यानंतर ‘गेटवे इंटरनेट ॲक्सेस सर्व्हिस’ या सेवेची आद्याक्षरे. त्यांना जोडून शहराची दोन अक्षरे, मुंबईसाठी ‘बीएम’ आणि पुण्यासाठी ‘पीएन’. आणि शेवटी यंत्राचा क्रमांक, ‘०१’. माणसाच्या पत्त्यातच यंत्राचे नाव गुंफलेले होते. असा पत्ता यंत्राच्या आयुष्याला बांधलेला असतो. पुढे निगमाचे नियंत्रण २००२ मध्ये टाटा समूहाकडे गेले आणि २००८ मध्ये नावही बदलले. नव्वदच्या दशकातील मराठी मासिके, दिवाळी अंक आणि पुस्तकांच्या मलपृष्ठांवर अशा प्रकारचे पत्ते छापलेले आढळले, तर ते बंद झालेल्या दारांचे क्रमांक आहेत हे ध्यानात घ्यावे. त्यांतून एक मात्र कळते : खातेदार त्या वेळी कोणत्या शहराच्या यंत्रावर होता.

फेरफाराची नोंद

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. ‘सर्व खाती’ हलवली, म्हणजे कोणाची? जे रोज येतात त्यांची हलतातच. प्रश्न न येणाऱ्यांचा आहे. त्यांची खाती ठशांसह हलवावीत, तर जुना, कमकुवत झालेला ठसा आपण पुढच्या काळात नेऊन ठेवतो. त्यातील धोका टॉम्प्सन यांच्या उदाहरणात दिसला. ती सरळ पुसून टाकावीत, तर त्यांच्या फाइली निनावी होतात. एकीकडे जतन करताना उघडे पाडण्याची भीती, दुसरीकडे सुरक्षिततेच्या नावाखाली विस्मरणाची.

या पेचावरचा तोडगा महाराष्ट्रातील वाचकाला घरच्या कागदात सापडेल. सातबाऱ्यावर खातेदार मृत झाला किंवा त्याने जमीन विकली, तर त्याचे नाव खरवडून काढत नाहीत. त्याला कंस करतात. नव्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक लिहितात, आणि तो क्रमांक धरून गाव नमुना सहामध्ये गेले की कोणाकडून कोणाकडे, कशामुळे आणि कधी, हे वाचता येते. कंसातील माणसाला आता अधिकार नाही, पण तो तिथे होता हे कागद विसरत नाही. युनिक्सच्या ओळीतही अशा कंसाची सोय पूर्वीपासून आहे. दुसऱ्या रकान्यात ठशाच्या जागी एखादे असे चिन्ह ठेवायचे, जे कोणत्याही जात्यातून कधीच निघू शकत नाही. नाव राहते, क्रमांक राहतो, फाइलींवरचे कर्तृत्व राहते; पासवर्डचे दार कायमचे बंद होते आणि जुना ठसाही मागे उरत नाही.

सोय आहे ती कंसाची. फेरफाराच्या वहीची नाही. जुना ५०१ हा नवा १५०१ कधी झाला, कोणी केला, कोणाची खाती गाळली आणि का, हे त्या सात रकान्यांत कुठेही लिहिता येत नाही. ते व्यवस्थापकाने वेगळे लिहून ठेवले तरच उरते. बहुधा ते एका कागदावर असते, आणि काम उरकल्यावर तो कागद टाकून दिला जातो.

महसूल खात्याने हस्तलिखित सातबारे संगणकावर आणले तेव्हा उतरवताना चुका झाल्याच. त्यांच्या दुरुस्तीसाठी २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन घेण्यात आले. नोंदी मोठ्याने वाचायच्या आणि ज्याची त्याने आपली नोंद बरोबर आहे की नाही ते सांगायचे, ही रीत जुनीच. तिच्यामागे एक साधी जाणीव आहे : नक्कल बरोबर झाली की नाही हे नक्कल करणाऱ्याला सांगता येत नाही, ज्याची नोंद आहे त्यालाच ते सांगता येते. परवलीच्या शब्दाच्या बाबतीत खातेदार पहिल्यांदा आत येतो तेव्हा ही पडताळणी आपोआप होते. क्रमांक, फाइलींची मालकी आणि गाळलेली नावे यांच्या बाबतीत ती कोणी घेतल्याशिवाय होत नाही.

वाङ्मयाच्या अभ्यासकाचा या सगळ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. आजच्या लेखकांची टाचणे, पत्रव्यवहार आणि कच्चे खर्डे कागदावर कमी आणि अशा खात्यांत अधिक आहेत. उद्या त्यांचे संपादन करणाऱ्याला ‘हे कोणी लिहिले’ हा पहिला प्रश्न पडेल, आणि त्याचे उत्तर एका तिसऱ्या रकान्यातील आकड्यावर अवलंबून असेल. तेव्हा आपल्या विभागाचा सर्व्हर बदलत असल्याची सूचना लागली, तर पासवर्ड चालतो एवढे पाहून परतू नये. जुन्या खातेदारांची यादी कोणाकडे आहे, कोणाच्या नावाला कंस केला आणि कोणाचे नाव गाळले, हे विचारावे. आणि जमल्यास ती यादी सर्वांसमक्ष एकदा मोठ्याने वाचून घ्यावी.